गोगलगाईचा वेग

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून तो भिंगं घासायचा, म्हणून सगळे त्याला भिंगवाला म्हणत. कामाला चोख, बोलायला कंजूष. आईवडील गेले, लग्न राहूनच गेलं. एकटा जीव सदाशिव. रक्ताचं म्हणावं असं माणूस एकच, धाकटी बहीण. तीही लग्न होऊन दूरदेशी गेलेली. रविवारी सकाळी दोघं कानाला हेडफोन लावून आपापल्या लॅपटॉपवर मोटरसायकलींचा एक खेळ खेळत.

त्याचा लॅपटॉप जुना. घाट लागला की चित्र अडखळायचं, आणि पुन्हा हलेपर्यंत याची गाडी दरीत गेलेली असायची. धाकटी पुढच्या वळणावर गाडी लावून थांबायची.

"आली का आमची गोगलगाय?"

"येतोय गं. अडकलंय परत."

"ये सावकाश. अरे दादा, तुला सांगायचंच राहिलं..."

की सुटला तोंडाचा पट्टा. ऑफिसातली खडूस बाई, नवऱ्याचं घोरणं, शेजारणीचं चोरटं मांजर. हा नुसता "हं, हं" करत दरीतून गाडी वर काढायचा. पण मनातून ओशाळायचा. आपल्यापायी पोरीच्या खेळाचा विचका होतो, असं त्याला वाटे.

दुकानात काउंटरवर बसणाऱ्या मुलीने त्याला ओव्हरक्लॉकिंग सुचवलं. म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. "पण काका, जपून हं. तापतं ते."

त्याने लॅपटॉप उघडून पंख्यातली धूळ झाडली, हवा खेळावी म्हणून खाली दोन खोडरबर ठेवले आणि वेग बदलायचा प्रोग्रॅम टाकला. वेग थोडा वाढवायचा, खेळ चालवून बघायचा, पुन्हा थोडा वाढवायचा. जमतंय असं दिसल्यावर त्याला हाव सुटली. अति तिथे माती! स्क्रीनवर रंगीत रेघोट्या उमटल्या आणि लॅपटॉप एकदम बंद पडला. बटण दाबल्यावर लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग त्याने वेग बेताचा ठेवला. पंखा घोंघावत होता, पण घाटातलं चित्र आता लोण्यासारखं सरकत होतं.

त्या रविवारी तो धाकटीच्या बरोबरीने सुसाट सुटला.

"दादा, तू तर गोगलगाईचा घोडा झालास!" ती हसली. मग वळणांवर लक्ष ठेवायचं म्हणून दोघंही गप्प. बघता बघता शेवटचं गाव आलं. "आज लवकर आटपलं. बरं झालं, आम्हाला बाहेर जायचंय," म्हणाली आणि गेली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मांजराचं काय झालं, ते कळलंच नाही.

सगळं पूर्ववत करावं असं त्याच्या मनात आलं. प्रोग्रॅम उघडलासुद्धा. पण बहिणीशी असलं नाटक? त्याने तो तसाच बंद केला. पुढच्या खेळात ऐन घाटात तो म्हणाला, "थोडं थांबूया का गं?"

"बिघडलं का परत?"

"नाही. असंच."

दोन गाड्या कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली समुद्र हलत होता. काय बोलावं, ते त्याला सुचेना. बोलायचं काम नेहमी तिचं.

"दादा, बरा आहेस ना तू?"

"बरा आहे. घरात कुणाचा आवाज नसतो गं, एवढंच."

"मलाही इथे आपल्या भाषेत बोलायला कोण आहे?" ती म्हणाली. "हे दमून येतात, जेवतात, झोपतात. तू दरीत पडलास की मला बरंच वाटायचं."

"मग सांगायचं नाही का?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

त्यानंतर घाटात थांबायचं ठरलं. तरी काही रविवारी तिला जमत नाही. आदल्या दिवशी निरोप येतो, "दादा, उद्या नको रे." मग तो एकटाच खेळ लावतो. रस्ता स्वच्छ दिसतो, कुठे काही अडत नाही. वळणावर येऊन तो गाडी लावतो, थोडा वेळ समुद्र बघतो आणि खेळ बंद करून आंघोळीला उठतो.