डब्यात खोट नव्हती

मित्रांनो, माझी मूळ कांती पाहायची असेल तर खांद्यावरचा रंग नखाने खरवडावा लागेल. वर पांढरा, त्याखाली आकाशी, मग हिरवा, मग तपकिरी, आणि पार तळाशी माझे स्वतःचे पोलाद. मी रंगाचा फवारा मारणारा एक जुना डबा आहे. दुकानात गुळगुळीत, चित्रांचे डबे मिळतात ना, एकदा संपले की कचऱ्यात जाणारे, ते माझे लांबचे भाऊबंद. आमचे फारसे सख्य नाही. त्यांचे आयुष्य एका भरणीचे. मला मात्र पुन्हा पुन्हा भरता येते, उघडता येते, धुता येते आणि बिघडलो तर दुरुस्तही करता येते. या शेवटच्या गोष्टीचा मला फार ताठा होता. आता तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पोलादी पत्र्याचे पोट, डोक्यावर आट्यांचे पितळी झाकण, झाकणावर बटण, बटणाखाली स्प्रिंग आणि तिच्याखाली नखाएवढा काळा वॉशर. पोटात तळापर्यंत जाणारी बारीक नळी. कुशीला, सायकलच्या ट्यूबला असते तशी, हवा भरायची जागा. हवा भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवले. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून मी पास झालो. आयुष्यात तेवढी एकच परीक्षा दिली, पण पहिल्या फटक्यात.

मला विकत घेतले ते पंखे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांचे दुकान म्हणजे घराच्या पुढची लांबट खोली. भिंतीला लागून बाक, बाकावर पोट उघडून पडलेले पंखे, जुन्या डब्यांतून भरलेले स्क्रू, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली एक तार. रंगवलेली पाती त्या तारेवर वाळत लटकायची. मिस्त्रींची लेक तेव्हा एवढीशी होती. पाती लवकर वाळावीत म्हणून ती खाली उभी राहून त्यांना फुंकर घालायची. पंख्याला वारा घालणारी मुलगी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मिस्त्रींचे माझ्याबाबतीत काही नियम होते. अर्धा रंग आणि अर्धी हवा, त्याहून जास्त रंग नाही. पोटभर जेवलेल्या माणसाला पळता येत नाही, असे ते म्हणत. काम संपले की मला उलटे धरायचे आणि रंग थांबून नुसती हवा येईपर्यंत बटण दाबून ठेवायचे. आतली हवा पुरती गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर झाकण उडून डोळा जायचा. मग थिनरने आतून धुणे. तोंडाचे बारीक भोक थिनरमध्ये भिजवून ब्रशच्या केसाने साफ करणे. सुई कधीच नाही. सुईने भोक मोठे होते आणि मग मी फवारा मारत नाही, थुंकतो. बटणाच्या दांडीला तेलाचा एक थेंब. वॉशर फुगला, चिरला की नवा. सायकलच्या ट्यूबचा कापून घातलेला वॉशर थिनरमध्ये फुगतो, हे एकदा फसल्यावर त्यांना कळले होते. ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

एवढी बडदास्त ठेवल्यावर मी तरी कशाला कमी पडू? माझा रंग दवासारखा बसायचा. एकदा एक शाळामास्तरीणबाई आपला पंखा न्यायला आल्या आणि त्याच्याच शेजारी उभे राहून विचारू लागल्या की माझा पंखा कुठाय. मिस्त्रींनी बोट दाखवले तरी त्यांना पटेना. शेवटी तळाला चिकटवलेले त्यांचे नाव दाखवावे लागले. बाई हसल्या, मिस्त्रीही हसले, आणि मी बाकावर उगाच छाती काढून बसलो. श्रेय कोणाचे म्हणाल तर त्यांच्या अंगठ्याचे. बटण कधी दाबायचे आणि कधी सोडायचे हे त्या अंगठ्याला ठाऊक होते. पण तेव्हा मला सगळे श्रेय माझेच वाटायचे.

वर्षे गेली. लेक मोठी झाली आणि दुकानातच काम करू लागली. मोटारीची तांब्याची तार गुंडाळण्यात तिने बापाला मागे टाकले, आणि बापानेच हे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायला सुरुवात केली. पण रंगाचे काम मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवले. रंग हा माझा प्रांत, असे ते म्हणत. माझा म्हणजे त्यांचा आणि माझा.

आणि मग एका उन्हाळ्यात, दुकानात पंख्यांची रांग लागलेली असताना, मिस्त्री म्हणाले की बटण जड झाले आहे.

मला नवल वाटले. मला काही जड वाटत नव्हते. त्यांनी मला उघडले, पुसले, दांडीला तेल घातले. दोन दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. त्यांनी वॉशर बदलला. मग झाकण बदलून पाहिले. मग पुन्हा जुनेच झाकण लावले. रोज संध्याकाळी माझी चिरफाड होऊ लागली. मी रागावलो होतो, खोटे कशाला बोलू. नाचता येईना अंगण वाकडे, असे मनात म्हणालो. आज ती म्हण तोंडात घ्यायलाही मला नको वाटते.

कारण दुसरीही लक्षणे होती. चहाचा कप त्यांच्या हातून दोनदा पडला. शर्टाची वरची गुंडी आता काकू लावून द्यायच्या. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. रात्री झोपेतून उठून हात झटकत बसता, बोटांना मुंग्या येतात म्हणता, एकदा दाखवून या, असा काकूंनी लकडा लावला होता. मिस्त्री म्हणायचे, या धंद्यात मुंग्या सगळ्यांनाच येतात. मग ते मला उचलून पुन्हा खोलायला बसायचे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार होता.

शेवटी त्यांनी न करायची गोष्ट केली. बटण हलके व्हावे म्हणून माझ्या स्प्रिंगचा एक वेढा पकडीने कापून टाकला. बटण हलके झाले खरे, पण कमजोर स्प्रिंगला ते पुरते वर ढकलता येईना. रंग थांबवला तरी गळतच राहिला. एका गिऱ्हाइकाच्या, शेजारीच वाळत ठेवलेल्या पांढऱ्या पंख्यावर माझ्या तोंडून निळे ओघळ उतरले. धडधाकट होतो तोवर मला आजारी म्हणत होते, आणि औषधाने मी खरोखर आजारी पडलो. मिस्त्रींनी मला बाकावर आपटले आणि ते पाय मोकळे करायला बाहेर निघून गेले.

लेकीने मला उचलले. उलटे धरून हवा सोडली, झाकण उघडले, कापलेली स्प्रिंग काढून नवी बसवली. मला धुतले, थोडे थिनर आणि वरून पंपाने हवा भरली. एका जुन्या पत्र्यावर बटण दाबले. बारीक, सारखा फवारा आला आणि सोडताक्षणी थांबला. तिने पुन्हा दाबले. पुन्हा तसेच. तिचा चेहरा खुलला. तेवढ्यात मिस्त्री परत आले आणि तिने मोठ्या आनंदाने मला त्यांच्या हातात दिले.

त्यांनी उजव्या अंगठ्याने बटण दाबले. ते अर्धे गेले आणि थांबले. त्यांनी श्वास धरून पुन्हा दाबले. अंगठा थरथरला आणि बाजूला घसरला. डाव्या हाताने दाबून पाहावे असे त्यांच्या मनात आले नाही, किंवा आले असेल आणि धीर झाला नसेल. लेक माझ्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या तळहाताकडे बघत होती. अंगठ्याच्या मुळाशी सगळ्यांना असते ती मांसाची गादी त्यांच्या उजव्या हाताला उरलीच नव्हती. तिथे खळगा पडला होता.

"बघ," मिस्त्री म्हणाले, "अजून अडकतंय."

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असून बोलता येत नव्हते. लेकीला येत होते. तिने बापाचा चेहरा पाहिला. घामेजलेला, आणि तिच्याकडून एकच उत्तर मागणारा.

"हो बाबा," ती म्हणाली, "डबाच गेलाय. वय झालं त्याचं."

मिस्त्रींच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या. इतके हलके झालेले मी त्यांना त्या उन्हाळ्यात पाहिले नव्हते. लेकीने मला तसेच फळीवर ठेवून दिले, घाईत हवा सोडायचीही विसरली. रंगाचे काम ती गल्लीच्या टोकाला सायकली रंगवणाऱ्याकडे पाठवू लागली. बापाला बटण दाबायची वेळच येऊ नये, याची तिने मायेने व्यवस्था केली. जड काम आले की मीच करते म्हणायची. पक्कड पुढे व्हायच्या आत उचलायची. मी वरून हे सगळे पाहत होतो. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने माझ्या आणि भिंतीच्या मध्ये जाळे विणले. चोर सोडून संन्याशाला सुळी, असे म्हणत मी माझ्या अपमानाला कुरवाळत बसलो. त्या खळग्याचा विचार मीही केला नाही.

पुढचा उन्हाळाही असाच गेला. त्यानंतर एका दुपारी मिस्त्री पंख्याच्या तारेला डाग देत होते. गरम सोल्डर गनचे टोक त्यांच्या बोटाला टेकले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. जळल्याचा वास आधी काकूंना स्वयंपाकघरात आला. त्या धावत बाहेर आल्या आणि त्यांनीच हात ओढून बाजूला केला. त्यानंतर त्यांनी मिस्त्रींचे काही चालू दिले नाही. त्यांना घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, लेकही बरोबर गेली.

घरी आल्यावर काकूंनी शेजारणीला दारातच सगळे सांगितले, ते मला फळीवर ऐकू आले. मनगटात एक नस आवळली गेली होती. छोटी शस्त्रक्रिया करावी लागणार होती. त्याने मुंग्या थांबतील, पण सुकलेले मांस परत भरेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते. अंगठ्याची ताकद जायला लागली तेव्हाच आला असता तर हात बहुधा पूर्ववत झाला असता, असे ते म्हणाले होते. लेक आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शस्त्रक्रिया झाली. मुंग्या थांबल्या, मिस्त्रींना सलग झोप लागू लागली. ताकद आली नाही. पट्टी निघाल्यावर ते दुकानात येऊन बसायचे, नुसते बसायचे. एका सकाळी ते उठले, फळीपाशी आले आणि त्यांनी डाव्या हाताने मला उतरवले. धूळ पुसली. उघडण्याआधी हवा सोडायची, हा त्यांचा नियम. त्यांनी मला उलटे केले, छातीशी धरले आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबले.

बटण सहज आत गेले. फस्स करून हवा निघाली, चांगली जोरात. त्यांनी बोट काढले, आवाज बंद झाला. पुन्हा दाबले, पुन्हा हवा. एवढा काळ मी ती धरून ठेवली होती. पोटातले सगळे संपेपर्यंत ते दाबत राहिले. लेक समोर बसून तार गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"डब्यात काही खोट नव्हती," मिस्त्री म्हणाले.

"नव्हती, बाबा. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मिस्त्रींनी मला बाकावर ठेवले. अंगठ्याखालच्या खळग्यावरून डाव्या हाताचे बोट फिरवले.

"वाटलं असतं," ते म्हणाले. "पण हात राहिला असता."

ते रागावून बोलले नाहीत. जेवण झाले का, असे विचारावे तशा आवाजात बोलले, आणि तेच लेकीला सोसले नाही. ती तिथेच गुडघ्यांत डोके घालून रडली. मिस्त्री खाली बसले आणि तिची समजूत घालत राहिले. मीही कुठे बघितले, माझाच हात होता ना, असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पण झाले ते झाले होते. असे रडणे मी त्या दुकानात त्याआधी ऐकले नव्हते.

आता मी पुन्हा कामावर आहे. लेक मला चालवते. मिस्त्री खुर्चीत बसून किती लांबून मारायचे ते सांगतात. फवारा पूर्वीसारखाच बारीक येतो, गिऱ्हाइके वाखाणतात. रंग मारताना मात्र दर वेळी मला माझ्या बटणावर दुसराच अंगठा जाणवतो, आणि स्तुती ऐकून छाती काढावीशी वाटत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या. हवा सोडल्याशिवाय उघडू नका, भोकात सुई घालू नका, वॉशर वेळेवर बदला. वस्तू चालेनाशी झाली तर फेकण्याआधी नीट तपासा. आणि तपासल्यावर वस्तू चांगली निघाली, तर तिथेच थांबू नका. ती ज्याच्या हातात चालत नव्हती, त्याचा हात आपल्या हातात घेऊन बघा. जे दिसेल ते त्याला सांगा. वाईट वाटेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी सांगा.