बाटलीतली रेघ

ट्रान्सितोबाईंनी बाटली उजेडात धरली आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे पेट्रोल प्यायलंय!"

बाटलीच्या तळाला पाणी, आणि पाण्याच्या उंचीवर खिळ्यानं ओढलेली रेघ. पेट्रोल ओतून खळखळवलं की पाणी पुन्हा त्या रेघेवर बसायला हवं. इथं ते बोटभर वर चढलं होतं. पेट्रोलमधलं अल्कोहोल पाण्यात उतरलं होतं.

"काकी, सणाच्या दिवशी अपशकुन नको," डॉन एलिओदोरो हसले. घाटाजवळचा पेट्रोल विकायचा तराफा त्यांचा. नावाड्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेच्या नदीवरच्या मिरवणुकीसाठी त्यांनी सगळ्या होड्यांना पेट्रोल फुकट दिलं होतं. बदल्यात प्रत्येकीवर त्यांच्या दुकानाचा झेंडा. "शहरात सगळे हेच भरतात."

"शहरात पिपांवर छप्पर असतं, शेठ. तुमची पावसात उघडी. हे अल्कोहोल पाणी ओढून घेतं. पाजायचीच हौस असेल तर बँडवाल्यांना पाजा!"

बँडवाल्यांनी जोरात माना डोलावल्या. आमच्या आत्रातो नदीवर पाऊस वर्षातून एकदाच येतो; जानेवारीत येतो आणि डिसेंबरात जातो.

पाद्रीबाबा कळवळून म्हणाले, "भरून टाक गं. नाहीतर माता यंदा डॉनच्या होडीतून जाईल."

बाई लग्न होऊन आल्यापासून माता त्यांच्याच होडीतून जायची. नवरा, क्रिसान्तो, होडीच्या पुढच्या टोकावर बसून मूर्ती धरायचा. गेल्या वर्षी तापानं तो गेला. आता तिथं त्याची गवती टोपी होती.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. मान ताठच. "माझ्या इंजिनात हे जाणार नाही."

वरच्या गावाहून आणून, घट्ट बूच मारून ठेवलेलं पेट्रोल त्यांनी काढलं. बाटलीत घालून खळखळवलं. पाणी रेघेवर बसलं. मग ऑइल मिसळून टाकी भरली आणि बिनझेंड्याची होडी रांगेच्या शेवटी लावली.

मोठ्या वळणावर डॉनचं नवंकोरं इंजिन खोकलं आणि मेलं. मग दुसरं. मग एकामागून एक सगळीच. नदी इतकी चिडीचूप झाली की मासे वर येऊन बघू लागले. एका बोकाचिको माशानं छातीवर क्रूस काढला म्हणतात. सांगणारा काही थापाडा नव्हता. धार मात्र सगळ्या होड्यांना ओंडक्यांच्या ढिगाकडे ओढत होती.

बाईंची होडी फटफटत पुढं आली.

"काकी! मातेला तुमच्याकडे घ्या!" डॉन ओरडले. "पुढची जागा रिकामीच आहे!"

"रिकामी नाही ती." बाईंनी टोपीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसवलंत तिथंच बसू दे तिला. दोर धरा. एकमेकांना बांधून घ्या. आणि झेंडे उतरवा, वारा धरतात."

डॉन जरा घुटमळले. ओंडके जवळ आले तसा पहिला झेंडा त्यांनीच उतरवला.

बँडवाले वाजवायचं विसरले होते. एकच इंजिन घुमत होतं, आणि त्याच्यामागं माता, डॉन, पाद्रीबाबा, सारं गाव होड्यांची माळ होऊन घाटाकडे निघालं होतं.

वळण संपताच समोरून वारा आला. टोपी उडू लागली. बाईंनी पुढं वाकून तिच्या काठावर बाटली ठेवली. खिळ्याची ती रेघ क्रिसान्तोनंच लग्नाच्या वर्षी ओढलेली. इंजिनाच्या धक्क्यांनी आतलं पाणी हिंदकळत होतं आणि पुन्हापुन्हा रेघेवर येऊन बसत होतं.