सात बादल्या आणि एक टाचणी

गप्प बसण्यात ओरिसिया ह्नातिकचा दर जुलैला सात बादल्यांचा फायदा होता. कॅनडातल्या एडमंटनच्या नदीकडे उतरणाऱ्या रानात सास्कटून नावाच्या जांभळ्या फळांची एक जाळी होती. तिच्या मते ती ठाऊक असलेली माणसं दोनच. एक ओरिसिया, दुसरा तिचा नवरा, आणि तो तर जाऊन नऊ वर्षं झालेली. पहाटे ती धुक्यात शिरली की खाली नदी दिसायचीच नाही. नुसतं कुणीतरी झोपेत संथ श्वास घेतंय असं वाटायचं. उंच फांद्या तेवढ्या कायम रित्या. त्यापायी ती तीस वर्षं पाखरांना शिव्या घालत आली होती.

आता नगरपालिकेला तिथं वाहनतळ हवा होता. उतार ओसाड आहे, तिकडे कुणी फिरकत नाही, असं कागदोपत्री म्हटलं होतं. म्हणून शेजाऱ्यांनी वस्तीच्या सभागृहात भिंतभर नकाशा लावला. जो जिथं जातो त्यानं तिथं टाचणी टोचायची. सुनावणीत तोच पुरावा. कुत्री फिरवणाऱ्यांनी टोचल्या, पक्षी मोजणाऱ्यांनी टोचल्या. फळं वेचणारी मंडळी मात्र कॉफीच्या किटलीपाशीच घुटमळली. ओरिसियाही त्यांच्यातच. रान इतरांनी वाचवावं, जाळी आपली राहावी, इतका सरळ तिचा हिशेब.

पण वाहनतळाच्या नेमक्या जागी नकाशा कोरा राहिला. त्या कोऱ्या तुकड्याकडे बघता बघता तिला तिथं धुकं उतरल्यासारखं वाटलं, आणि धुक्यात नवऱ्याची टोपी. ती उठली आणि टाचणी टोचून आली.

मागोमाग चार घरं पलीकडचा लॉर्न प्रूडन उठला. निवृत्त बसचालक, ताडमाड उंच. त्यानं आपली टाचणी तिच्या टाचणीला खेटून लावली.

"तुम्हीपण? कधीपासून?"

"तुमचे मिस्टर होते तेव्हापासून. वरचं तेवढं घ्यायचो, बाई. तुमचा हात पोचतो ते सोडून."

"आणि मी पाखरांना शिव्या देत होते!"

"ऐकल्यात की. तुमचं युक्रेनियन कळत नव्हतं, पण शिव्या लागत होत्या."

मग किटलीपाशी कुणी उरलं नाही. सुनावणीत उतार वाचला.

जुलैत धुक्यात चाळीस बादल्या हलत होत्या. माणसं दिसत नव्हती, फक्त कुजबुज. ओरिसियाला दीड बादली मिळाली, लॉर्नला एक. पाखरांना त्या वर्षी ना वरचं मिळालं, ना खालचं.