आमच्या हौदातला उत्तर ध्रुव

आमचे मालक वारले ही बातमी गावात सगळ्यात शेवटी मला कळली. तवा मी भाकरी थापून राहिले होते, अन् मालक हौदात होते.

सांगते, सगळं सांगते. मधी बोलू नका.

दोन हजार दोनचा मे महिना. माझं पोरगं बुद्धभूषण तिकडं आंध्रात, समुद्राकाठी, पाणबुड्या बनवायच्या हापिसात इंजिनेर हाय. पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन साखऱ्याला, आमच्या गावी आलं. लोकांची पोरं येताना साडी आणतात, मिठाई आणतात. यानं हातभर लांब लोखंडाची बोट आणली, अन् बोटीच्या बुडाला रबरी नळी.

"माय," म्हणला, "उत्तर ध्रुवाकडं समुद्रावर बर्फाचं झाकण असतंय. आमची पाणबुडी त्याच्या खालून जाणार हाय. काही तकलीफ झाली तर बर्फ फोडून वर यावं लागतंय. तेच जमून न्हाई राहिलं."

"मग हापिसात जमवा. इथं काय हाय? बकऱ्या?"

"हापिसात बर्फ मागायला तीन सायबांच्या सह्या लागतात. दोन झाल्या. तिसरा सायब सहा महिन्यांपासून ट्रेनिंगला गेलाय."

मी म्हणलं, आग लागो तुमच्या सह्यांना! सेनगावात हिरासिंगच्या कारखान्यातून पाहिजे तेवढा बर्फ मिळतो, अन् कोणी अंगठासुद्धा मागत न्हाई.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. बर्फाच्या सहा लाद्या, पोत्यात गुंडाळून, वरून भुसा. जीप स्टँडवरून आली, पारावरून आली, पाणी गळत गळत आमच्या दारात थांबली. सगळ्या गावानं पाहिली. मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई. तिथंच माझी चूक झाली.

गोठ्याजवळ आमचा सिमेंटचा हौद हाय, छातीएवढ्या पाण्याचा. भूषणनं करवतीनं लाद्या चिरून दोन बोटं जाडीचे पाट काढले, ते पाण्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडले, फटीत बर्फाचा चुरा दाबला. एका कोपऱ्यात तेवढी टोपल्याएवढी जागा मोकळी ठेवली. ती मालकांना श्वास घ्यायला.

कारण खाली बोट धरायला माणूस पाहिजे होता, अन् आमच्या मालकांवाणी माणूस तालुक्यात न्हाई. मुंजाजी म्हणलं की लोक म्हणतात, विहिरीत पडलेली मोटार काढणारा. दीड-दोन मिनिटं श्वास धरतात. घरात मी बोलायला लागले की तेवढाच वेळ गप्प बसतात, मग बाहेर निघून जातात.

मालक बर्फाखाली बोट धरायचे. भूषण वरून सायकलच्या पंपानं नळीतून हवा भरायचा. हवा आत गेली की बोटीतलं पाणी बाहेर पडतं, अन् बोट हलकी होऊन वर येते. वर आली, पण कशी? नाक वर करून भडकन् आली, बर्फावर आपटली, घसरत भिंतीला जाऊन ठोकली. तीनदा तसंच. नाक चेपून बोटीचं वांगं झालं.

मालकांनी कोपऱ्यातून डोकं काढलं. "खऱ्या बोटीत माणसं किती राहतील रे?"

"सत्तर."

"अन् ही अशी आपटली तर?"

भूषण बोटीचं चेपलेलं नाक चाचपायला लागला.

"तू तर न्हाईस ना त्याच्यात?"

"पहिल्या फेरीला मी हाय, बा. बनवणारा संगं पाहिजे, असा नियम हाय."

माझ्या हातातलं पीठ खाली सांडलं. मला असा राग आला की काय सांगू. सायबाचा, समुद्राचा, त्या पोराचा अन् पाण्यात उभ्या राहिलेल्या बापाचा बी. मी तडक चुलीपुढं जाऊन बसले अन् भाकरी थापायला लागले. एकेक भाकर अशी बडवली की शेजारच्या गल्लीत आवाज जावा. डोळे भरून आले, ते धुरानं आले असं मी मनाला सांगितलं.

तेवढ्यात पांढऱ्या साड्या नेसलेल्या दहा-बारा बाया दारातून आत आल्या. शेजारची पंचफुला पुढं होती. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले अन् हंबरडा फोडला. "कमलबाई गं, कसं झालं गं हे!"

मला वाटलं, बोटीचं हिला कसं कळलं? म्हणलं, "काय सांगू बाई, सहा महिने प्रयत्न चालले, पण वर येईच ना."

"सहा महिने! अन् तू बोलली न्हाईस गं!" ती आणखी जोरात रडली.

मागून आमचे बौद्धाचार्य गुरुजी आले. हातात मेणबत्त्यांचा पुडा, काखेत पांढरं कापड. त्यांनी हात जोडले. "जय भीम. तुमची लेक आकांक्षा पुण्याहून कधी निघाली? लाद्या संध्याकाळपर्यंत पुरतील न्हवं?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात बर्फाच्या लाद्या दोनच कामाला येतात. लग्नाला, न्हाईतर लांबचं लेकरू येईपर्यंत मयत ठेवायला. अन् आमच्या दारात मांडव नव्हता.

"अहो, मालक जित्ते हायेत!" मी ओरडले.

"असंच वाटतं, बाई," गुरुजी म्हणले. "धीर धरा."

मी काय बोंबलले तरी कोणी ऐकेना. दोघी जणी मला पाणी पाजू लागल्या, एक माझा पदर सावरू लागली. तेवढ्यात शिरड शहापूरहून दुसरी जीप आली, अन् त्यातून माझी नणंद नीलाबाई उतरली. तिला कोण्या भल्या माणसानं फोन केला होता. ती कोणाकडं न पाहता थेट गोठ्याकडं धावली, हौदात वाकून पाहिलं, अन् बोट धरायला परत खाली गेलेला भाऊ तिला बर्फाखाली पालथा पडलेला दिसला.

"दादा रे!" म्हणून तिनं अंग टाकलं ते बराबर त्या मोकळ्या कोपऱ्यावर.

नीलाबाईचं अंग भरलेलं हाय. कोपरा गच्च बंद.

"आत्या, उठ! बा आत हायेत!" भूषण तिला ओढून राहिला, अन् ती म्हणे, "मला पाहू दे रे, शेवटचं पाहू दे!" मी पिठाच्या हातानं धावले. कोपरानं ढकलत त्या गर्दीतून वाट काढून राहिले.

मग बर्फ हलला. पाण्याखाली मालकांनी धडपड केली न्हाई. गुडघ्यावर हात ठेवले, पाठ सपाट बर्फाला टेकवली, अन् सावकाश, अगदी सावकाश पाय सरळ केले. कर्रर्र आवाज झाला. बर्फ मधोमध चिरला, अन् खांद्यावर दोन तुकडे घेऊन मालक उभे राहिले.

"नीले, काहून बोंबलून राहिली?"

गुरुजींच्या हातातला पुडा हौदात पडला. पंचफुला पळाली. नीलाबाईनं आधी भावाचा गालगुच्चा घेतला, मग चप्पल काढून त्याच्या पाठीत घातली. "मेला न्हाईस तर सांगायचं न्हाई का, मुर्दाडा!"

भूषण मात्र फुटलेल्या बर्फाकडं पाहून राहिला होता. "बा, तुमी डोक्यानं काहून न्हाई मारलं?"

"डोक्यानं मारलं असतं तर डोकं फुटलं असतं. विहिरीत फळी आडवी आली तर आधी पाठ टेकवायची, मग हळूच जोर लावायचा. तुला सायबांनी हे न्हाई शिकवलं?"

पोरगं बोट घेऊन धावत घरात गेलं. बोटीच्या पोटात वजनाला घातलेले नटबोल्ट काढून नव्यानं मांडले, दोन्ही टोकांना सारखं वजन. चांगला पाट एकच उरला होता, तोही पातळ होत चालला होता. तो पाण्यावर अडकवला. मालक परत खाली गेले. नीलाबाईला चौघींनी धरून ठेवलं.

भूषणनं पंप उचलला, अन् नळी नीट बसायच्या आधीच दांडा दाबायला लागला. सारखी घाई होऊन राहिली होती त्याला.

"आण इकडं," मी म्हणलं.

साऱ्या गावाला म्हाईत हाय, माझ्या हाताला सबुरी न्हाई. मी दळते तर पीठ उडतं, बोलते तर भांडण होतं. पण त्या दिवशी मी पंप असा मारला की कोंबडीची पिल्लंसुद्धा दचकू नयेत. एक. थांबले. दोन. थांबले. तोवर पन्नास पांढऱ्या साड्या जमल्या होत्या, साऱ्या हौदात वाकून पाहून राहिल्या. खाली बोट उठली, सपाट. पाठ बर्फाला लागली. पुन्हा एक. पाटाला बारीक चीर गेली. पुन्हा एक. चीर वाढली, बर्फ दोन्हीकडं कलंडला, अन् बोट पाण्यावर येऊन शांत डुलायला लागली.

टाळ्या, ओरडा, गुरुजी तर नाचायला लागले. मालक बाहेर आले, नीलाबाई परत रडायला लागली. अन् मी पंप मारूनच राहिले.

"माय, बस," भूषण म्हणला. "वर आली बोट."

"आली तर आली," मी म्हणलं. "सत्तर माणसं बाहेर निघायला टाइम लागतो. अन् तू सगळ्यात शेवटी निघणार, मला म्हाईत हाय."