माझं दार मी उघडीन

चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी घरात तो छोट्याच. दादा हाक मारायचा ती छोट्या म्हणून, आणि त्याच्या मेलचा पासवर्डही दादानेच ठेवलेला: छोट्या, पुढे जन्मसाल. बँकेचा तोच, विजेच्या बिलाचा तोच, औषधांच्या दुकानाचा तोच. "लक्षात ठेवायला सोपा," दादा म्हणायचा. सोपा होताच. फक्त लक्षात ठेवणारा दादा होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी छोट्याची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं. दादाने तेव्हापासून त्याचं सगळं वाचलं: निकाल, नोटिसा, लग्नाला नकार कळवणारी दोन पत्रंसुद्धा, तीही घसा खाकरत, मऊ करत. त्या वाचण्यात माया होती यात शंका नाही. पण मायेलाही सवय लागते, आणि सवय लागली की ती दार वाजवायची विसरते.

त्याची खोली मागच्या बाजूला होती. टेबलावर जुना संगणक, त्यात नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स. ते त्याने हट्टाने घेतलं होतं, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्यात फुकट मिळत होता आणि ध्वनिमुद्रणाचं कामही छान व्हायचं. तो लोकांच्या सभांची, मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टंकून द्यायचा. बोलणाऱ्याने खोकला दाबला तरी त्याला कळायचं. पंख्याची घरघर आवाजातून वेगळी काढायची, तर केस विंचरावेत तशी हलक्या हाताने काढायचा.

म्हणूनच एका ध्वनिसंग्रहालयाने विचारलं होतं. जुन्या फिती, त्यांच्यावर बसलेली खरखर, ती उतरवायची. दुसरं शहर, राहायला खोली, नोकरी कायमची. मेल आला तो दादाने सकाळी पंपहाउसच्या कामावर जाण्याआधी फोनवर वाचला आणि रात्री जेवताना सहज सांगितलं, "अरे, त्या फितीवाल्यांना मी कळवून टाकलं. जमणार नाही म्हटलं. एकटा कुठे जाशील तू?"

छोट्याचा हात ताटात थांबला. दादाच्या आवाजात कपट नव्हतं, तेच अवघड होतं. कपट असतं तर भांडता आलं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी त्या संग्रहालयाच्या बाईंचा थेट फोन आला. "उत्तर मिळालं तुमचं. पण ते तुमचं वाटलं नाही. मी पुन्हा लिहिते. शुक्रवारपर्यंत तुम्ही स्वतः कळवा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण तुम्ही म्हणा."

छोट्याने फोन ठेवला आणि ठरवलं. आधी दाराला कुलूप, मग उत्तर.

नुसता मेलचा पासवर्ड बदलून भागलं नसतं. बदललेले इतके सगळे डोक्यात राहायचे कसे? कागदावर लिहावेत तर वाचणार कोण? दादाच. म्हणून पासवर्ड मॅनेजर. एक तिजोरी, तिच्यात सगळ्या किल्ल्या, आणि तिजोरीची एकच किल्ली आपल्या डोक्यात. टर्मिनल, म्हणजे संगणकाला हुकूम टंकायची खिडकी, उघडून त्याने एक ओळ टंकली, ॲप आलं. तिजोरी तयार करायच्या आधी ब्राउझरशी त्याची गाठ पडते का ते पाहावं म्हणून रिकामी नमुन्याची तिजोरी केली, ब्राउझरमध्ये ॲपचं एक्स्टेंशन, म्हणजे जोडतुकडा, घातलं आणि 'जोडा'वर एंटर दाबलं.

"जोडणी झाली नाही," आवाज म्हणाला.

परत दाबलं. परत तेच. दोघं एकाच घरात शेजारी बसलेले, पण एकमेकांना ओळख देईनात. भाऊबंदकीच म्हणायची. सेटिंगमध्ये ब्राउझर जोडणीची खूण होती. ॲप चालू होतं. सोमवारची अख्खी दुपार त्याने वाया घालवली, मंगळवारी मदतीची पानं ऐकून काढली, तेव्हा उमगलं: हा ब्राउझर सीलबंद डब्यातून आलेला. गेल्या मोठ्या अपडेटने गुपचूप तसा आणून ठेवलेला. डब्याला बाहेरचं वारं लागत नाही, तसा त्या ब्राउझरला शेजारच्या ॲपचा आवाज पोचत नव्हता. सुरक्षित होता बिचारा. इतका सुरक्षित की कुणाशी बोलता येऊ नये.

त्या विचारापाशी छोट्या जरा बसून राहिला.

मग त्याने डब्यातला ब्राउझर काढून टाकला आणि साधा, मोकळा घातला. पुन्हा 'जोडा'. आवाजाने विचारलं, या जोडणीला नाव काय द्यायचं? छोट्याने क्षणभर विचार केला आणि टंकलं, 'मी'.

"जोडणी झाली."

बुधवारी दुपारी खरी तिजोरी करायची होती. दादा कामावर. वहिनी बाजारात गेली असावी, कारण घरात तिचं गुणगुणणं नव्हतं. वहिनी घरात कुठे आहे ते तिच्या गाण्यावरून कळायचं. भांड्यांपाशी एक चाल, कपड्यांपाशी दुसरी. आज काहीच नव्हतं. म्हणून त्याने हेडफोन घातला नाही. तसाही तो हेडफोनला नाखूश असायचा. डोळे तर गेलेच, कानही झाकले की घर हरवल्यासारखं वाटायचं.

किल्लीची ओळ त्याने रात्रीच जुळवून ठेवली होती. आजी झोपवताना म्हणायची तसल्या लयीत, पण शब्द स्वतःचे. लयीत असलं की विसरत नाही. टंकली. पडद्यावर नुसते ठिपके, आणि आवाज दर अक्षराला 'ठिपका, ठिपका' करत राहिला. मग शंका आली, कीबोर्ड मराठीवर होता की इंग्रजीवर? भलतीच अक्षरं पडली असतील तर तिजोरी कायमची बंद, उघडणार कोण? खात्री करायला त्याने आवाजाचा वेग अगदी कमी केला आणि 'दाखवा'चं बटण दाबलं.

आणि तो निर्विकार आवाज भरदुपारी खणखणीत म्हणाला:

"माझं दार मी उघडीन, पायरी गार, हात पुढे, ओळखीचा कुणी नाही, वारा मला नवा."

खोलीत ती ओळ पसरली आणि विरली. छोट्याला बरं वाटलं. स्वतःच्या मनातलं दुसऱ्याच्या आवाजात ऐकायला मिळालं म्हणून असेल.

"भाऊजी," दाराबाहेरच्या बाल्कनीतून बसक्या आवाजात कुणी म्हणालं, "मी इथे आहे."

त्याचे हात कीबोर्डवरच राहिले. "वहिनी? तुम्ही बाजारात..."

"घसा धरलाय सकाळपासून. कपडे वाळत घालत होते." पिळ्याचं पाणी टपटपलं. "मुद्दाम नाही ऐकलं."

"किती ऐकलंत?"

"सगळं. पाठसुद्धा झाली. चांगली आहे." वहिनी दारात येऊन टेकली, ओल्या कापडाचा वास आला. "पण बदला ती."

"तुमच्यापासून काय लपवायचं?"

"माझ्यापासून नाही हो. हे विचारतील. आज नाही उद्या विचारतील, छोट्याने काय ठेवलंय म्हणून. मला यांच्याशी खोटं बोलता येत नाही. इतक्या वर्षांत एकदा साडीची किंमत कमी करून सांगितली, तर कान लाल झाले माझे. मला ठाऊकच नसू दे." थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला जायचंय, हे मात्र मला आता ठाऊक आहे. तेही विचारलं तर सांगीन."

"विचारायच्या आधी मीच सांगेन."

"तेच म्हणत होते मी," वहिनी म्हणाली, आणि उरलेले कपडे वाळत घालायला गेली. दार मात्र तिने ओढून घेतलं. त्या घरात छोट्याच्या खोलीचं दार कुणी बाहेरून ओढून घ्यायची ती पहिली वेळ असावी.

छोट्याने आवाजाचा वेग पूर्ववत केला आणि हेडफोन चढवला. घर हरवलं. त्या हरवल्या घरात बसून त्याने नवी ओळ जुळवली, कीबोर्ड मराठीवर आहे ना ते तपासलं, आणि तिजोरी केली. मग मेलमध्ये जाऊन पासवर्ड बदलला. ॲपने चिंचोक्यांसारखी अक्षरं उधळून एक लांबलचक किल्ली बनवली; ती त्यालाही पाठ नव्हती, कुणालाच नव्हती. मेलमधून बाहेर पडला, पुन्हा आत गेला. ब्राउझरने ॲपला विचारलं, ॲपने त्याला विचारलं, त्याने हो म्हटलं. दार उघडलं. बाईंचा मेल आतच होता. त्याने उत्तर लिहिलं, पण पाठवलं नाही; आधी दादाला सांगायचं होतं.

संध्याकाळी दादा आला. चहा घेऊन, सवयीने फोन काढून बसला, आणि थोड्या वेळाने खोलीच्या दाराशी आला.

"छोट्या, तुझा मेल उघडत नाहीये. पासवर्ड चुकीचा म्हणतोय."

"बदलला मी."

"बरं केलंस. आजकाल फार फसवतात. काय ठेवलास?"

"तो तुला नाही सांगणार, दादा."

दादा हसला, मग हसायचा थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. तो उभाच होता. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तू माझ्या नावाने नाही म्हणालास, मला न विचारता. ते पुन्हा नको."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस गप्प होतो."

दादाचा श्वास, बाहेर बादलीत पडणारं पाणी. छोट्याला वाटलं, आता हा जाईल, आणि जेवताना भांडी जरा जोरात वाजतील, आणि शुक्रवार निघून जाईल.

"त्या फितीवाल्यांचंच ना?" दादा म्हणाला. "काय लिहिलंयस त्यांना?"

दादाने त्याला काही विचारलं आणि उत्तर दादाकडे आधीपासून नव्हतं, असं फार वर्षांत घडलं नव्हतं. छोट्याने हेडफोनची तार काढली आणि उत्तर वाचायला लावलं. आवाज सुसाट सुटला.

"हे काय? कोंबड्या उडाल्यासारखं. मला एक अक्षर कळलं नाही."

"मी असंच ऐकतो."

"मी नाही ऐकत. हळू कर."

त्याने वेग कमी केला. दादा खाटेच्या कडेला बसला. आवाज सावकाश म्हणू लागला: मला हे काम हवं आहे; पुढच्या महिन्यापासून येऊ शकेन; राहण्याची जागा आधी एकदा येऊन चालून पाहीन; कळवायला उशीर झाला, क्षमा असावी.

"उशीर तुझ्यामुळे नाही झाला," दादा म्हणाला. "ते काढ. माझं लिही. भावाने घाई केली म्हणून."

"कशाला?"

"खरं आहे म्हणून." त्याने नाक ओढलं. "आणि बघायला जाशील तेव्हा मी येईन. जिना तुझा तू चढ. मी खाली थांबेन."

छोट्याने ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं, दादाने सांगितलं त्याहून जरा मऊ. कर्सर 'पाठवा'वर आणून तो थांबला.

"आता पाठव की," दादा म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस?"

"मी बघत नाहीये, दादा."

दादाला ते उमगायला क्षण लागला, आणि मग दोघंही हसले, दादा थोडा जास्त वेळ, थोडा ओला. छोट्याने एंटर दाबलं.