ज्या साली टिटवीही चुकली

त्या सालाबद्दल कुणी विचारलं, की डोमाजी आधी पोटभर हसून घ्यायचा आणि मग सांगायला बसायचा. नव्वदीच्या सुरुवातीचं साल ते. तेलुगू मुलखातल्या जैनथकडच्या, पैनगंगेच्या काठच्या त्या गावात तसं साल आधी कुणी पाहिलं नव्हतं.

गावात हवामान सांगणारे दोघं होते. चंपतराव टिटवीवरून सांगायचा. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस बक्कळ, खोलात घातली की कोरडं. आणि डोमाजी सांगायचा रेडिओवरून. दोघांची शेतं एकाच धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन बाजूंना, आणि दोघं लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून नदीवर गेलेले. पण नऊ वर्षांपूर्वी चंपतरावाच्या सांगण्यावरून डोमाजीनं पावसाआधीच कोरड्यात धुळपेरणी केली, पाऊस महिनाभर फिरकला नाही आणि बी मातीत जळून गेलं. तेव्हा डोमाजी भर पारावर बोलून गेला होता, "तुह्या टिटवीची आता भाजी करून खा!" लोक खो खो हसले. त्या दिवसापासून चंपतरावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. डोमाजीही ताठ राहिला. एकमेकांचे निरोप दोघांच्या बायकांनीच पोचवायचे.

तर ते साल. फाल्गुनात ज्वारी काढणीला आली होती. रेडिओवर आभाळ निरभ्र असल्याचं ऐकून डोमाजीनं कणसं अंगणात पसरली, आणि दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. घरावरचं एक कवेलू धड राहिलं नाही. डोमाजी कपाळाला हात लावून बसला, तर त्याची बायको देवकाबाई डोक्यावर घमेलं धरून अंगणात गारा वेचायला लागली.

"काय करून राह्यली वो तू?" तो ओरडला.

"ज्वारी तं गेलीच. निदान पोरायले थंड सरबत तं होईल!"

मग उन्हाळा आला तो असा, की तापलेल्या खिडकीत ठेवलेल्या रेडिओची एक बाजू वितळून वाकडी झाली. आवाज मात्र येत होता. टिटवीनं त्या साली धुऱ्याच्या उंच माथ्यावर अंडी घातली, म्हणून चंपतराव पाऊस येणार सांगत हिंडला. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. लोक दोघांनाही बघून गालात हसू लागले. आषाढ सरता सरता कसाबसा पाऊस पडला, कपाशी उगवली, आणि पोळा झाल्यावर जो धरला तो चार दिवस थांबलाच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी जरा उघडलं. शेतातल्या खोपटात फवारणीचा पंप राहिला होता, तो आणायला डोमाजी निघाला. तिकडून चंपतरावही आपली बकरी घेऊन शेताकडे आलेला. दोघांनी एकमेकांकडे पाठ केली. इतक्यात मागच्या नाल्याला पैनगंगेचं पाणी चढलं आणि गावाची वाट बंद झाली. पाणी बघता बघता गुडघ्याला आलं, मग मांडीला. जवळ उंच असं एकच होतं, धुऱ्यावरचं चिंचेचं झाड. डोमाजी एका बाजूनं चढला, चंपतराव बकरी खांद्यावर आणि काठी काखेत घेऊन दुसऱ्या बाजूनं. दोघं दोन फांद्यांवर, आणि मधल्या बेचक्यात बकरी.

 खालून कपाशी, कडब्याच्या पेंढ्या, कुणाचा तरी लाकडी पाळणा, सगळं वाहत चाललं होतं. शेवटी चंपतराव बकरीला म्हणाला, "सांग वो त्याले, ती फांदी पोकळ हाये. जरा बुंध्याकडं सरक म्हणा."

डोमाजी सरकला आणि बकरीलाच म्हणाला, "सांग त्याले, मले समजते. आणि इचार त्याले, टिटवीनं या पाण्याचं काई सांगतलं होतं का?"

"त्याले म्हणा, तुह्या डब्ब्यानं सांगतलं होतं का?"

बकरी दोघांकडे आळीपाळीनं बघत चिंचेचा पाला खात होती.

मग एकदम चंपतराव किंचाळला, "डोम्या! हात हालवू नोको!"

डोमाजीच्या मनगटापासून वीतभर अंतरावर फांदीला वेढा घालून साप बसला होता. तोही बिचारा पुरातून वर चढलेला. चंपतराव पोटावर सरपटत पुढं आला, हातातल्या काठीनं सापाला अलगद उचललं आणि पलीकडच्या फांदीवर सोडलं. मग नीट बघून म्हणाला, "हात्तिच्या! धामण हाये रे. चावली असती तरी मेला नसता तू."

डोमाजीला आधी रडू आलं की हसू, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. "चंपत्या," तो म्हणाला, "नऊ वर्षांनी माह्याशी बोल्ला, अन् तेही धामणीसाठी!"

दोघं इतके हसले की फांदी हलायला लागली. हसणं ओसरल्यावर चंपतराव खाली बघत म्हणाला, "एक सांगतो, कोणाले बोलू नोको. तुहं बी जळालं ना, त्या साली म्या टिटवीचं अंडं पाह्यलंच नव्हतं. लोक रोज इचारून राह्यले, मंग देल्लं ठोकून."

 राग येईल असं डोमाजीला वाटलं होतं, पण आला नाही. उलट त्याचंही मन मोकळं व्हायला बघत होतं. "मंग माहंही ऐक. त्या रेडिओवरच्या बातम्या तेलुगूत असतात. मले त्यातलं अर्धंच समजते. बाकीचं मीच लावतो. अन् आपल्या गावाचं नाव तं तो मानूस कधी घेतच नाही!"

तिसऱ्या प्रहरी पाणी संथ झालं. गावातल्या भोयांचा डोंगा आला, आणि त्यात पुढं पदर खोचून देवकाबाई बसलेली. झाडावरून दोघांच्या गप्पांचा आवाज ऐकून तिनं डोंगा थांबवायला लावला. भोयी म्हणाला, "बाई, काऊन थांबवता?"

"बोलू द्या त्यायले अजून थोडं," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाले, दोघायचे निरोप वाहून माह्या पायाचे तुकडे पडले!"

पूर ओसरला तेव्हा कपाशीचं पान उरलं नव्हतं आणि धुराही कुठं दिसत नव्हता. पण दोन्ही शेतांवर नदीनं हातभर काळाभोर गाळ आणून टाकला होता. दोघांनी मिळून त्या गाळात ज्वारी पेरली, एकाच तिफणीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थंडीही त्या साली अशी पडली की सकाळी पानांवरचं दव पांढरं गोठलेलं दिसायचं, तरी ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. माघात हुरडा भाजला तेव्हा अर्धं गाव शेतात जमलं. देवकाबाईनं तिळाची चटणी वाटून आणली. चंपतराव गरम कणसं तळहातावर चोळून दाणे डोमाजीच्या पुढ्यात टाकत होता, आणि डोमाजी तोंड भरलेलं असतानाच चिंचेवरची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.