नवव्या खाटेची हाक

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. नखाएवढी, काळी, चारी बाजूंनी बारीक पाय फुटलेली. मला इंटरप्ट कंट्रोलर म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम एकच, आलेली हाक पोचवायची. माझ्या शेजारचा प्रोसेसर सदा कामात बुडालेला असे. हाक आली की मी त्याला थांबवून सांगायची, "आधी इकडे बघ."

एका लहान रुग्णालयातल्या आठ खाटांच्या वॉर्डात मला बसवलं. प्रत्येक खाटेला एक बटण होतं आणि प्रत्येक बटणाची तार माझ्या एकेका पायाशी येत होती. रुग्णाने बटण दाबलं की सिस्टरांच्या टेबलावर त्या खाटेचा दिवा लागे आणि घंटी वाजे.

पण कोणती तार कुठून आली हे प्रोसेसरला आपोआप कळत नाही. ते कुणीतरी लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला डिव्हाइस ट्री म्हणतात. सुरू होताना प्रोसेसर ते वाचतो आणि त्यात असेल तेवढंच खरं मानतो.

माझं वर्णन एका इंजिनियरबाईंनी लिहिलं. तीन दिवस त्या एकेक बटण दाबून टेबलाकडे धावत होत्या.

सिस्टर हसून म्हणाल्या, "अहो बाई, तुमचं होईपर्यंत माझे पेशंट बरे होऊन घरी जातील!"

"जाऊ देत की. पण तोवर त्यांची हाक पोचायला नको का?"

शेवटी बाईंनी माणसांसाठी एक टीप लिहिली. 'हिची मोजणी शून्यापासून आहे. पहिली खाट म्हणजे शून्य क्रमांकाची तार. बदल केल्यास प्रत्येक बटण दाबून, दिवा डोळ्यांनी पाहावा.'

अकरा वर्षं मी एकही हाक चुकवली नाही. सिस्टरांचे गुडघे दुखू लागले, पण दिवा लागला की त्या उठत. "या डबीला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं," असं त्या कौतुकाने म्हणत. मला किती बरं वाटे!

मग भिंतीपलीकडच्या खोलीत दोन खाटा वाढल्या. त्या जोडायला नवा माणूस आला. त्याला घाई होती. "हे कसलं पुराण लिहून ठेवलंय?" म्हणत त्याने टीप पुसून टाकली. नवव्या खाटेला त्याने नऊ लिहिलं, दहाव्या खाटेला दहा. खरे आकडे आठ आणि नऊ होते. त्याने दहाव्या खाटेचं बटण दाबलं. टेबलावर नववा दिवा लागला, पण तो बघायला तो गेलाच नाही. घंटी ऐकून म्हणाला, "वाजली ना? झालं तर मग."

अशा रीतीने आठ क्रमांकाची तार कुणाच्याच लिखाणात राहिली नाही. जी तार लिहिलेली नसते, तिच्यासाठी माझं दार बंदच राहतं. ते मला उघडता येत नाही.

नवव्या खाटेवर पहिलेच आले ते एक सुतारकाका. छातीच्या दुखण्याचे. आल्या आल्या खाट हलवून म्हणाले, "सिस्टर, हिचा एक पाय आखूड आहे. बरा झालो की पाचर मारून देतो." त्यांची मुलगी सोबत असे.

एका दुपारी मुलगी खाली औषध आणायला गेली. तेवढ्यात काकांनी बटण दाबलं. ती हाक माझ्यापर्यंत आली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा त्यांनी बोट उचललंच नाही. भिंतीच्या अलीकडे सिस्टर पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. मधूनमधून दिव्यांकडे बघत होत्या. दहाही दिवे बंद होते.

मुलगी परतली तेव्हा सगळं संपलं होतं. ती टेबलापाशी येऊन किंचाळली, "बाबांचं बोट बटणावर आहे! आणि तुम्ही इथे बसून होतात!"

"दिवा लागला नाही गं. माझ्या लेकराची शपथ, नाही लागला."

कुणाचा विश्वास बसला नाही. चौकशी झाली आणि सिस्टरांना घरी पाठवलं. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलायला तोंड कुठे होतं?

महिन्याने मुलगी बाबांचा राहिलेला चष्मा न्यायला आली. रिकाम्या नवव्या खाटेवर बसली. न राहवून तिने बटण दाबलं आणि दारातून टेबलाकडे पाहिलं. अंधार. पुन्हा दाबलं. तरी अंधार. मग तिने दहाव्या खाटेचं दाबलं. नववा दिवा लागला. "सिस्टर खरं बोलत होत्या," ती म्हणाली.

इंजिनियरबाईंना बोलावलं. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी आधी आपली टीप शोधली. ती पुसलेली होती. मग दोन आकडे बदलले. मिनिटही लागलं नाही.

मुलगी सिस्टरांच्या घरी माफी मागायला गेली. दुसऱ्या दिवशी येऊन बाईंना म्हणाली, "त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, 'तुझ्यावर राग नाही, बाळ. पण आता रात्री झोप लागत नाही, बंद दिवा दिसला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी नाही परत येणार.'"

आज माझ्या जागी नवी चिप आहे आणि मी दुरुस्तीच्या कपाटात पडून आहे. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या चिपचं वर्णन लिहील. आधीच्या माणसाचं लिखाण पुसण्यापूर्वी ते एकदा वाचा. प्रत्येक बटण दाबून पाहा. आणि यंत्र गप्प राहिलं म्हणून समोरच्या माणसाला खोटं ठरवू नका. आमची चूक दोन आकडे बदलून सुधारते. त्या माणसाची गेलेली झोप आम्हाला परत देता येत नाही.